हरलेल्याने न्यायचा निरोप

ब्लेन्देरी, साउथ वेल्स
५ फेब्रुवारी १९९५

ती. कायन्वेनताईस,
धाकट्या इद्रिसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फ्रँकभावजींच्या गुडघ्याचं वाचून काळजी वाटते. त्यांना म्हणावं, डॉक्टर काही सांगोत, तुम्ही जिना चढू नका, पलंग खाली आणा. माझी छाती आहे तशीच आहे. खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली, आम्ही सगळे घरी बसलो, पण आत बसलेली धूळ काही कामावर जायची थांबत नाही.

इथे सध्या एकच विषय आहे. मजूर पक्षाच्या सभासद-कार्डाच्या पाठीवर चौथं कलम छापलेलं असतं ना, खाणी, कारखाने, रेल्वे ही सगळ्यांच्या मालकीची व्हावीत असं सांगणारं, ते काढून नवे शब्द घालायचे असं वरच्या लोकांनी काढलं आहे. त्यासाठी एप्रिलच्या शेवटी लंडनला खास परिषद आहे. म्हणे सोळा वर्षं आपण निवडणुका हरतोय, ते कलम वाचून दक्षिणेकडचे बंगलेवाले घाबरतात. ताई, बंगलेवाले आपली कार्डं उलटून पाठीमागचं वाचतात हे मला माहीतच नव्हतं.

आमच्या मतदारसंघाची सभा मार्चात आमच्याच हॉलमध्ये आहे. तिथे बोलावं असं मनात आहे. पण मी आजवर सभेत केलंय काय, तर खुर्च्या मांडल्या आणि हीटर लावला. चौदाव्या वर्षी शाळा सोडून खाली उतरलेला माणूस, मधेच खोकला आला तर? शब्द सुचला नाही तर? पोरं हसतील. नाही बोललो तर रात्रभर झोप नाही, आणि बोललो तर त्याआधी आठवडाभर झोप नाही. तू काय करशील ते कळव.

बागेतल्या लीकच्या कांद्यांना यंदा कीड आहे. तेही एक.

रागावलीस तरी चालेल, पण विसरू नकोस.
तुझा,
इद्रिस


कॉव्हेन्ट्री
१३ फेब्रुवारी १९९५

चि. इद्रिस यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पलंग खाली आणला. आता भावजी म्हणतात की खाली झोप येत नाही, म्हणून दुपारी झोपायला वर जातात. तुम्ही सगळे पुरुष एकाच मातीचे.

बोल. खोकला आला तर खोक. पक्षातल्या निम्म्या भाषणांपेक्षा तुझ्या खोकल्यात जास्त अर्थ असेल. आणि सुचायचं काय त्यात? सत्तेचाळीस सालच्या जानेवारीत, खाण सरकारजमा झाली त्या सकाळी तू तिथे उभा होतास. मी नाताळासाठी माहेरी आले होते म्हणून मलाही पाहायला मिळालं. खाणीच्या फाटकावर पाटी चढली, आता ही खाण जनतेच्या वतीने चालेल म्हणून, आणि सगळा गाव रडत होता. तू टोपी हवेत उडवायला गेलास आणि बर्फावर असा आपटलास की दोन पोरांनी उचलून आणलं. तो पडण्याचा भाग सांगू नकोस, बाकीचं सांग.

आमच्याकडे काळजी नाही. आमच्या सभेने कलम राहू द्यायचं असं ठरवलंसुद्धा, आणि प्रतिनिधी म्हणून लेन हॉबडे जाणार. मीच त्याचं नाव सुचवलं. मोटारींच्या कारखान्यात, गिअरबॉक्सच्या खात्यात वीस वर्षं माझ्या शेजारी काम केलेला माणूस आहे. संपात त्याच्या बायकोने घर सोडलं, पण त्याने फाटकावरची पहाऱ्याची जागा सोडली नाही. लोखंड आहे लोखंड.

राख टाकून बघ लीकच्या मुळाशी. भाषणाचं कळव.

तुझी ताई,
कायन्वेन


ब्लेन्देरी
९ मार्च १९९५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बोललो. आणि हरलो. आणि पुढे जे झालं ते लिहायला हात धजत नाही म्हणून चार दिवस थांबलो.

उभा राहिलो तेव्हा चष्म्यावर वाफ आली, त्यामुळे कोणाचं तोंड दिसलं नाही, तेच बरं झालं. पाटीचं सांगितलं. हेही सांगितलं की मालक गेले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात तोच मॅनेजर बसला होता, त्याच मिशीसकट. पण छताचा खांब कुजला तर आता ओरडायला आपला माणूस होता, आधी ओरडणं म्हणजे घरी बसणं होतं. आपलं म्हणायला काहीतरी असावं लागतं, निदान कार्डाच्या पाठीवर तरी, असं म्हणून बसलो. टाळ्या पडल्या. माझ्याआधी बोललेला हवेल तर बाकावर मुठी आपटत होता. तुझ्या लक्षात असेल, माझ्याबरोबर खाली उतरायचा तो लालभडक मानेचा हवेल.

मग डेलिथ पार्फिट उभी राहिली. आपल्या टॉम पार्फिटची मुलगी, कौन्सिलच्या घरांच्या खात्यात काम करते, सभेची चिटणीस तीच. म्हणाली, इद्रिसकाका, तुमची पाटी चढवली कोणी आणि उतरवली कोणी? चढवली आपण, कारण तेव्हा सरकार आपलं होतं. उतरवली त्यांनी, कारण सरकार त्यांचं होतं. कार्डावर कलम तेव्हाही छापलेलंच होतं, त्याने खाणीचं फाटक उघडं राहिलं का? माझ्या टेबलापुढे रोज ओल आलेल्या घरातली बाई पोर घेऊन उभी असते, तिला मी कार्ड उलटं करून दाखवू का?

ताई, मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. पटलं नाही, पण उत्तरही नाही.

हात मोजले. नवे शब्द हवेत म्हणणारे बरेच जास्त निघाले. हवेल दार आपटून गेला, आणि टोपी राहिली म्हणून परत आला.

आता ऐक. आपल्याकडची रीत तुला आठवत असेल. बाबांच्या काळात युनियनमध्ये फूट पडली होती. दोन्ही बाजूंचे लोक जिल्ह्याला जाऊन आपापलंच सांगायचे, आणि ब्लेन्देरीचं म्हणणं काय ते कोणालाच कळेना. तेव्हापासून ठरलं, की मत झालं की हरलेल्या बाजूने जो बोलला असेल त्यानेच निर्णय पुढे पोचवायचा. जिंकलेला माणूस निरोपात साखर घालतो. हरलेला गेला की सगळ्यांना कळतं की गाव एक आहे. खाण गेली, युनियन गेली, पण मतदारसंघाच्या सभेत आम्ही ती रीत ठेवली आहे. एरवी तिचा कोणाला त्रास होत नाही, कारण प्रश्न रस्त्यावरच्या दिव्यांचे असतात.

कलमाच्या बाजूने बोललो आम्ही दोघेच. हवेल म्हणाला, तसं मत द्यायला सांगाल तर आधी हात तोडून टेबलावर ठेवतो. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी हो म्हटलं. का म्हटलं? मला कळत नाही. आता लंडनला जाऊन त्या कलमाच्या विरुद्ध मत टाकायचं, मी! शिवाय पॅडिंग्टनला उतरून पुढे कुठे बदलायचं, आणि तिथे बसायला मिळतं का, आणि मुतारी किती लांब असते, हे सगळं आहेच. काय करू ते लगेच कळव.

तुझा गोंधळलेला,
इद्रिस


कॉव्हेन्ट्री
१४ मार्च १९९५

चि. इद्रिस यास,
आशीर्वाद.

काय करू म्हणून विचारतोस? अरे वेड्या, सरळ आहे. मताच्या कार्डावर तू खूण करणार, घडी घालून पेटीत टाकणार. कोणाचं कार्ड काय होतं ते बाहेर कळत नाही. तू कलमाच्या बाजूने टाक आणि घरी ये. ज्याच्या हातात पेन, त्याची विवेकबुद्धी. रीत रीत काय करतोस? ती रीत ज्या लोकांनी घातली त्यांनी याच कलमासाठी उपास काढले. बाबा आज असते तर त्यांनी तुला कोणत्या बाजूने मत द्यायला सांगितलं असतं, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही.

डेलिथचं म्हणणं ऐकून तुझी जीभ टाळूला चिकटली, त्यात नवल नाही, मुलगी हुशार आहे. पण ओल आलेलं घर नवे शब्द चिकटवून सुकत नाही, एवढं तरी म्हणायचं होतंस.

मी त्या दिवशी लंडनला येणार आहे. आत जायला मला कोण देतंय, पण हॉलच्या बाहेर फुटपाथवर पत्रकं वाटणार. भावजी म्हणतात, पंचाहत्तर वर्षांची बाई पोलिसांच्या गाडीत बसून घरी आली तर मी दार उघडणार नाही. उघडतील.

तू आत जाताना माझ्यापुढून जाणार आहेस. हे लक्षात ठेव आणि मग काय ते ठरव.

तुझी ताई,
कायन्वेन


ब्लेन्देरी
२१ मार्च १९९५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं, चौथ्यांदा वाचायचं धैर्य झालं नाही, म्हणून कपाटावर ठेवलं आहे.

तू लिहितेस ते मला सुचलं नव्हतं असं समजू नकोस. सभेतून घरी चालत येतानाच सुचलं होतं. रोज सुचतं. चहा ओतताना सुचतं. हवेलही तेच म्हणाला, हळूच, दुकानाच्या कोपऱ्यावर गाठून. मी नाही म्हटलं, तेव्हापासून तो खाणकामगारांच्या इन्स्टिट्यूटमध्ये आमच्या नेहमीच्या बाकावर बसत नाही. पलीकडे, मेथडिस्ट चर्चवाल्यांच्या टेबलाशी बसतो आणि डॉमिनोच्या खेळात हरतो.

ताई, मला तुझ्यासारखं मांडता येत नाही. पण ते कार्ड माझं नाही. हात माझा आणि मत त्यांचं. माझं मत मी सभेत दिलं, ते मोजलं गेलं, ते कमी पडलं. आता लंडनला परत एकदा द्यायचं म्हणजे मी दोनदा दिलं, आणि डेलिथने एकदाही नाही. बाबांचं म्हणशील तर बाबांनी मला कलमाच्या बाजूने मत द्यायला सांगितलं असतं हे खरं. पण ते सभेत. निरोप उघडून त्यात दुसराच कागद घातला असता तर त्यांनी मला जेवायला बसू दिलं नसतं.

आणि कलम सगळ्यांच्या मालकीचं म्हणतं. मग सगळ्यांचं मत मी एकट्याने खिशात कसं घालू?

हे लिहिलं खरं, पण धास्ती आहेच. तुझ्यापुढून जावं लागेल म्हणून जास्त. फुटपाथवर वारं फार असतं, तो जाड मफलर घे. इंग्लंडच्या वाऱ्यावर माझा भरवसा नाही.

हे पत्र वाचून चिडशील. चिड, पण उत्तर दे.
तुझा,
इद्रिस


ब्लेन्देरी
८ मे १९९५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू उत्तर दिलं नाहीस. महिनाभर पोस्टमन दिसला की मी पडद्याआड उभा राहायचो. पण तू फुटपाथवर होतीस, आणि मफलर घातला होतास, म्हणजे पत्र वाचलं होतंस एवढं समजलं.

दुरूनच तुला ओळखलं. सगळ्यांच्या हातात पत्रक कोंबत होतीस. मी समोर आलो तशी तू पत्रक पुढे केलंस, माझं तोंड पाहिलंस आणि मागे घेतलंस. म्हणालीस, याला देऊन कागद वाया जाईल. शेजारची पोरगी हसली. मला हसू आलं नाही. मी तुझ्या हातातून ओढून घेतलं, तुला आठवत असेल. आत जाऊन ओळ न ओळ वाचलं. त्यातला एकही शब्द मला नापसंत नाही, हे तुला कळावं.

भाषणं पुष्कळ झाली. काही चांगली होती. दोन्ही बाजूंची. शेवटी कार्डं आली. मला वाटलं होतं त्या क्षणी पाटी दिसेल, बर्फ दिसेल, बाबा दिसतील. तसलं काही दिसलं नाही. दिसली ती आमच्या हॉलमधली माणसं आणि त्यांचे वर गेलेले हात. पोस्टातली बाई, डेलिथ, बस चालवणारे दोघे भाऊ. त्यांच्यापैकी कोणीही मला, नक्की तसंच टाकशील ना, म्हणून विचारलं नव्हतं. निघताना डेलिथने फक्त गोळ्या घेतल्या का ते विचारलं. मी खूण केली. त्यांनी सांगितली तिथे. घडी घातली आणि पेटीत टाकलं.

निकाल लागला. कलम गेलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, मी बसून राहिलो. शेजारच्या गृहस्थाने विचारलं, तुम्ही विरुद्ध दिलंत वाटतं? मी म्हटलं, नाही, नव्या शब्दांच्या बाजूने. मग रडता का? म्हटलं, मी विरुद्ध आहे. त्याने खिशातून पेपरमिंटची गोळी काढून दिली.

बाहेर आलो तेव्हा तू निघून गेली होतीस.

परवा आमच्या सभेत अहवाल दिला. उभं राहून सांगितलं, तुम्ही हो म्हणालात, मी हो टाकलं, निरोप होता तसा पोचला. मग म्हटलं, बाहेर फुटपाथवर काय म्हणत होते तेही तुम्हाला कळायला हवं, आणि तुझं पत्रक मोठ्याने वाचून दाखवलं, सगळं. डेलिथ मान खाली घालून लिहीत होती.

आभाराचा ठराव मांडायला हवेल उठला. तो म्हणाला, इद्रिस प्रॉसर हे एक गाढव आहे असं माझं पूर्वीपासून मत आहे आणि त्यात बदल झालेला नाही. पण ओझं न सांडता आणणारं गाढव मी या खोऱ्यात दुसरं पाहिलेलं नाही. असं म्हणून येऊन आमच्या बाकावर बसला, ऐसपैस जागा व्यापून.

डेलिथने पक्षाच्या शरद ऋतूतल्या वार्षिक परिषदेलाही मीच जावं असं सुचवलं. मी साफ नाही म्हटलं. दुसरा बघा. मला शरदात भांडायचं आहे. या वेळी जिंकायचं आहे, म्हणजे निरोप डेलिथला न्यावा लागेल. सगळे हसले, तीही हसली, पण मी गमतीने म्हटलं नव्हतं.

ताई, छाती दुखते पण मान ताठ आहे. असं कधी झालं नव्हतं, म्हणून भीतीही वाटते. तुला माझी लाज वाटत असेल तर तसं लिही, पण लिही. भावजींना नमस्कार.

तुझा,
इद्रिस


कॉव्हेन्ट्री
१९ मे १९९५

चि. इद्रिस यास,
मोठ्या बहिणीचा नमस्कार. आशीर्वाद देण्याएवढी उंच मी आज नाही, तेव्हा कुरकुर न करता घे.

उत्तर दिलं नाही कारण रागावले होते, आणि त्या दिवशी थांबले नाही कारण पुढे बोललो असतो तर दोघांनाही रडू आलं असतं, आणि माझ्या हातात अजून पत्रकं होती. आता जे झालं ते सांगते.

काल आमची सभा झाली. लेन हॉबडे अहवालाला उभा राहिला, तोंड पांढरंफटक. म्हणाला, तुम्ही मला कलम राखायला पाठवलंत. मी तिथे बसलो, दिवसभर ऐकलं. नातवंडांचा विचार आला. अजून पाच वर्षं हेच सरकार राहिलं तर त्यांना काय उरेल, असं वाटलं आणि मी नव्या शब्दांना मत दिलं. पेन माझ्या हातात होतं, माझ्या विवेकबुद्धीला मी फसवू शकलो नाही.

इद्रिस, ते वाक्य माझं होतं रे. तुला लिहिलेलं. मी त्याला कधी म्हटलं नव्हतं, पण जणू माझ्याच पत्रातून उचलून आणलं होतं. आणि तो खोटं बोलत नव्हता, लबाडी करत नव्हता. त्याला कोणी विकत घेतलं नव्हतं. त्याने सांगितलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं. वीस वर्षं शेजारी उभा राहिलेला तोच माणूस.

खोलीत गोंधळ उडाला. कोणी गद्दार म्हणालं, कोणी म्हणालं, हृदय बदलतं माणसाचं, त्यात काय एवढं. मी उठले. लेनला शिव्या द्यायला उठले होते. तोंडातून निघालं ते भलतंच. म्हटलं, माझा एक धाकटा भाऊ आहे ब्लेन्देरीला. चौदाव्या वर्षी खाणीत उतरला, सभेत खुर्च्या मांडतो, बस चुकेल म्हणून तासभर आधी थांब्यावर जाऊन उभा राहतो. त्याला त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये, त्याच्या मनाविरुद्ध मत द्यायचं होतं. मी, त्याच्या सख्ख्या बहिणीने, त्याला चोरून उलटं टाक म्हणून लिहिलं. तो माझ्यापुढून आत गेला आणि सांगितलेलं मत टाकून, रडून, घरी गेला. तुमच्यात कलम हवं म्हणणारे आणि नको म्हणणारे पुष्कळ आहेत, मीही आहे. पण ज्याच्या हातात मी डोळे मिटून मत देईन असा मला एकच माणूस माहीत आहे, आणि त्याचं नाव इद्रिस प्रॉसर.

मग तुमची रीत सांगितली. आणि मांडलाच ठराव, की यापुढे आमच्याकडेही हरलेल्या बाजूने निरोप न्यावा. पुष्कळ जण हसले. एकाने विचारलं, खाणवाल्यांचे हे जुने खेळ मोटारींच्या गावात कशाला? अध्यक्षांनी विचारलं, अनुमोदन कोणाचं? मी उभीच होते, गुडघे दुखायला लागले.

अनुमोदन लेनने दिलं.

ठरावावर मत पुढच्या सभेत आहे. ठराव पडेल असं दिसतं. पण तू शरदातल्या भाषणाची तयारी कर, आणि लिहिलेलं मला आधी पाठव, तुझ्यात जोर कमी असतो. भावजी विचारतात की त्यांचा मेव्हणा एवढा मोठा माणूस कधी झाला. मी म्हटलं, होताच, आपण वरून बघत होतो.

पत्र लगेच लिही. या वेळी पडद्याआड मी उभी आहे.

तुझी ताई,
कायन्वेन